पडशीतली दोरी

भवसागर हा शब्द आपण वारकरी किती सहज वापरतो! कीर्तनात बुवा सांगतात की नामाची नाव आहे, विठ्ठल नावाडी आहे, तू नुसता येऊन बस. आणि आपण मान डोलावतो. मीही तरुणपणापासून डोलावत आलो. पण खरे सांगायचे तर वयाच्या ३८ व्या वर्षापर्यंत मी सागर डोळ्यांनी पाहिलेला नव्हता. आमचे खामगाव समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत. आमच्याकडे पाणी म्हणजे एक विहिरीचे नाहीतर आभाळाचे, आणि दोन्हींचा भरवसा नाही.

आमच्या मुलखाचा कापूस मात्र आमच्या कितीतरी आधी समुद्र पाहून आला. खामगावची कापसाची पेठ एके काळी एवढी नावाजलेली होती की १८७० साली जलंबपासून खामगावपर्यंत रेल्वेचा खास फाटा टाकला गेला आणि तो सुरू करायला व्हाइसरॉय लॉर्ड मेयो स्वतः आले होते. माझे सासरे इथल्याच एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कामाला होते. गाठी बांधून वॅगनमध्ये चढल्या की ते लेकींना सांगत, "आता हे मुंबईले जाईन, अन् तिथून बोटीत बसून समुद्रापार." सौ.च्या मनात तेव्हापासून एकच होते. गाठी जातात तो समुद्र एकदा पाहायचा. लग्नाला वीस वर्षे होत आली तरी तिने माझ्याजवळ दुसरे काही मागितले नव्हते.

योग आला १९८१ च्या मार्गशीर्षात. माझे साडू तेव्हा नोकरीनिमित्त पणजीला होते. त्यांचे बोलावणे आले. कापसाचा चुकाराही त्या वर्षी वेळेवर हाती पडला. आई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेली. पण माझी थोरली बहीण जळगाव जामोदहून येऊन राहायला तयार झाली. साडूंनी पत्रात लिहिले होते, "मुंबईहून बोटीने या. सकाळी बसाल ते दुसऱ्या दिवशी सकाळी पणजीला उतराल. रात्र बोटीवरच काढावी लागेल."

हे सगळे मार्गशीर्षात जमले यातही एक मौज आहे. मुंबई–पणजीची बोट पावसाळ्यात बंद असे. ज्येष्ठात खवळलेला दर्या नारळी पौर्णिमेपर्यंत कुणाला विचारत नाही. म्हणजे आपण टाळ-मृदंग घेऊन रस्त्याला लागतो, तेव्हा कोकणातली माणसे होड्या किनाऱ्यावर ओढून शाकारून ठेवतात. समुद्रही आपल्यासारखाच चातुर्मास पाळतो. त्याचा आणि आपला रस्ता एका वेळी उघडा नसतो.

तोवर माझ्या १४ वाऱ्या झाल्या होत्या. गावातल्या दिंडीबरोबर आळंदीला जायचे आणि माउलींच्या सोहळ्यात पायी पंढरी गाठायची. एकही वर्ष खंड नाही. याचा मला अभिमान होता, आणि तो मी लपवीतही नव्हतो. सौ. कधी आली नाही. कशी येणार? आषाढ म्हणजे आमच्याकडे पेरणीचे दिवस. सात एकर कोरडवाहू, दोन बैल, एक म्हैस, तीन लेकरे आणि अंथरुणावरची आई. मी निघायचो त्या दिवशी ती पडशी भरून दारात ठेवायची. दशम्या, जवसाची चटणी, सुई-दोरा, फोडांवर लावायला तेल, पावसासाठी मेणकापड. मी खांद्यावर घ्यायचो आणि निघायचो. ती पडशी भरायला किती दिवस लागतात हे मी एकदाही विचारले नाही.

बोटीची तयारीही तिनेच केली. आठवडाभर आधी तिने ओवा भाजून ठेवला, सुंठ कुटली, लिंबाच्या लोणच्याची बरणी फडक्याने बांधली. फिरकीचा तांब्या घासून घेतला. मी ओसरीवर बसून पाहत होतो. एक गोधडी, एक घोंगडी, बॅटरी, हरिपाठाची पोथी, बुक्क्याची डबी. शेवटी तिने खुंटीवरची सुती दोरी काढली, चांगली पाच-सहा हात लांब, आणि गुंडाळून तळाशी ठेवली.

मी हसलो. "बोटीत काय विहीर हाय पाणी शेंदायले?"

"राहू द्या. दोरी कामात येते."

"अवो, इठ्ठल नेईन आपल्याले. एवढी काळजी कायले?"

ती म्हणाली, "तुमचं बरं हाय. इठ्ठल नेईन म्हनता अन् मोकये होता. पडशी कोन भरते?"

मला ते बोलणे लागले नाही. मी ते गमतीवारीच नेले.

मुंबईत आम्ही लालबागला गावच्या एका ओळखीच्या माणसाच्या खोलीत उतरलो. शेजारी मालवणकडच्या एक आजी होत्या. त्यांनी सौ.ला जवळ बसवून सगळे समजावले. उपाशीपोटी बोटीत चढायचे नाही आणि पोटभर जेवूनही नाही. जागा बोटीच्या मधोमध धरायची, कारण टोके जास्त वरखाली होतात. मळमळ सुटली तर खाली मान घालून बसायचे नाही, दूर आभाळ आणि पाणी मिळते तिथे नजर लावायची. सौ.ने एकेक गोष्ट बोटांवर मोजून घेतली. मी त्या वेळी गच्चीत उभा राहून गिरण्यांच्या चिमण्या पाहत होतो. आमच्याकडचा कापूस इथे येतो, एवढाच विचार डोक्यात होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी भाऊच्या धक्क्यावर पोचलो. भाऊ अजिंक्य या एका मराठी माणसाच्या नावाचा हा धक्का. तिथली गर्दी पाहून मला पालखीच्या मुक्कामाची आठवण झाली. ट्रंका, वळकट्या, पोती, कोंबड्या, लेकुरवाळ्या बाया. फळी टाकल्याबरोबर लोक धावले आणि डेकवर चादरी अंथरून जागा धरू लागले. सौ. माझ्यापुढे होती. तिने खालच्या डेकवर बरोबर मध्यावर, एका लोखंडी खांबाशेजारी गोधडी टाकली आणि पडशी खांबाला टेकवून ठेवली. भोंगा झाला. जमीन हळूहळू मागे सरकू लागली. ती कठड्याशी गेली आणि कितीतरी वेळ बोललीच नाही. मग एवढेच म्हणाली, "बाबा हे पाह्याले पाह्यजे होते."

आमच्या शेजारी एक म्हातारे गृहस्थ बसले होते. जन्म मालवणचा आणि उभी हयात मुंबईच्या गोदीत गेलेली. माझ्या गळ्यातली माळ पाहून त्यांनी हात जोडले. बोलता बोलता त्यांनी जे सांगितले ते मी आजवर विसरलो नाही. त्यांच्या लहानपणी कोकणच्या या किनाऱ्यावर आपल्या लोकांनी भांडवल जमवून काढलेली एक आगबोट कंपनी होती. लोक तिला आपुलकीने 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. गोऱ्या कंपन्यांशी टक्कर द्यायची, तर आपल्या माणसांना आपले वाटेल असे नाव हवे, म्हणून त्यांच्या बोटींना संतांची नावे असत. एकीचे नाव 'तुकाराम', एकीचे 'रामदास'.

मला मोठा आनंद झाला. मी म्हणालो, "तुकोबांच्या नावाची बोट! मग काय, तरणारच."

म्हाताऱ्याने मान हलवली. १९२७ साली, कार्तिकातच, ११ नोव्हेंबरच्या वादळात 'तुकाराम' बुडाली. त्याच दिवशी 'जयंती' नावाची दुसरी आगबोटही बुडाली. आणि 'रामदास'? १७ जुलै १९४७, आषाढातली अवस. याच भाऊच्या धक्क्यावरून ती रेवसला निघाली होती. भर पावसाळा आणि बोट माणसांनी भरलेली. ६०० हून अधिक माणसे गेली.

"बोटयेक संताचा नाव दिला म्हणान दर्यो सोडणा नाय," ते म्हणाले. "सारंग जागो व्हयो."

मी गप्प झालो. आमच्या तुकोबांच्या वह्या इंद्रायणीने तेरा दिवसांनी कोरड्या परत दिल्या, ही कथा ऐकत मी वाढलो. आणि इथे तुकोबांचे नाव रंगवलेली बोट माणसांसकट तळाशी गेली होती. खोटे काय मानायचे? दुपारभर मी हाच विचार करत बसलो. सौ. मात्र बोटीवरचे खलाशी न्याहाळत होती. कुणी दोरखंडाचे वेटोळे नीट लावत होता, कुणी झाकणे आवळत होता, कुणी बांधलेल्या होड्यांचे दोर ओढून पाहत होता. दिवस अजून लख्ख होता, समुद्र ताटासारखा होता, तरी ते रात्रीची तयारी करत होते. ती म्हणाली, "पाहा, आभाळ साफ हाय तरी बांधून ठेवून रायले."

संध्याकाळी रत्नागिरीचा किनारा दिसला आणि अंधार पडला. आम्ही हरिपाठ म्हटला. आजूबाजूचे चार-सहा जण येऊन बसले, टाळ्या वाजवू लागले. मला फार बरे वाटले. पण रात्र चढली तशी बोट लांब लांब हेलकावे घेऊ लागली. वादळ नव्हते, काही नव्हते. कोकणी माणसे खुशाल घोरत होती. मला मात्र दरदरून घाम फुटला. पोटातले सगळे वर येऊ लागले. १४ वर्षे घाट चढलो, चिखल तुडवला, तापात चाललो, कधी मागे राहिलो नाही. आणि त्या रात्री मला उभेही राहवेना.

मी धडपडत कठड्याकडे निघालो. सौ.ने मला धरले, "थांबा" म्हणाली आणि पडशीच्या तळातून ती दोरी काढली. एक टोक माझ्या कमरेला, दुसरे लोखंडी खांबाला, आणि मधला पीळ तिच्या मुठीत. मग म्हणाली, "आता जा." म्हातारे गृहस्थ जागे झाले होते. "बरा केलस गो बाय," एवढेच म्हणून ते पुन्हा आडवे झाले.

किती वेळा कठड्याशी गेलो आणि परत आलो, मोजदाद नाही. दर वेळी ती दोरी थोडी सैल सोडायची, मग हळूहळू ओढून घ्यायची. लिंबाची फोड चोखायला द्यायची, चिमूटभर ओवा द्यायची, तोंडावरून पाण्याचा हात फिरवायची. वाटेत एका बंदराबाहेर बोट थांबली. काळोखातून कंदील लावलेला पडाव आला आणि बोटीला लागला. डोक्यावर गाठोडी घेतलेल्या बाया, कडेवर पोरे असलेले बाप एकमेकांचा हात धरून त्यात उतरले. तो कंदील लहान लहान होत किनाऱ्याकडे गेला.

मध्यरात्र उलटल्यावर मला जरा उतार पडला. दूर काठावर एक दिवा उघडझाप करत होता. म्हाताऱ्यांनी दिवसा सांगितले होते की प्रत्येक दीपगृहाची उघडझाप ठरलेली आणि वेगळी असते. किती वेळात किती वेळा उजेड दिसतो ते मोजून बोटीवरचे लोक ओळखतात की हा रत्नागिरीचा, हा देवगडचा, हा वेंगुर्ल्याच्या खडकांवरचा. सौ. तोंडाने आकडे मोजत होती. मी विचारले, "तुले भेव नाही वाटत?"

"कायचं भेव? दर आषाढात मी वीस-पंचवीस राती एकटी काढतो. हे तं एकच रात हाय. अन् इथं तुमी जवळ हा."

मी काही बोललो नाही. थोड्या वेळाने काहीतरी बोलायचे म्हणून म्हणालो, "तोडे आणले नाही ते बरं केलं. परवासात चांदीचं जोखीमच."

ती दिव्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "तोडे औंदाच्या संक्रांतीले घरी आले. तवर सराफाकडं होते."

मग हळूहळू सारे कळले. दोन वर्षांमागच्या आषाढात पहिली पेरणी झाली आणि पावसाने ओढ दिली. उगवलेले कोंब करपले. दुबार पेरणीला बियाणे हवे होते आणि घरात पैसा नव्हता. तिने माहेरचे चांदीचे तोडे खामगावच्या पेठेत गहाण टाकले, बियाणे आणले आणि गड्याबरोबर स्वतः तिफणीमागे चालून पेरले. पुढे दुधाच्या पैशातून थोडे थोडे करून सोडवून आणले. मी तेव्हा वाखरीच्या रिंगणात अश्वाच्या टापांखालची माती कपाळाला लावत होतो.

"मले काहून नाही सांगितलं?"

"तुमी परसाद घेऊन आले होते. तुमचं तोंड पाह्यलं अन् सांगाचं राहून गेलं."

तिच्या आवाजात तक्रार नव्हती. म्हणूनच मला ते सोसवेना. दीड वर्ष तिचे पाय रिकामे होते. मी रोज त्या घरात जेवत होतो, झोपत होतो. विठ्ठलाचे समचरण मी डोळे मिटूनही वर्णन करून सांगितले असते. पण घरातल्या पायांत तोडे नाहीत हे मला दीड वर्षात दिसले नव्हते.

त्या रात्री मला 'तुकाराम' बोटीचा उलगडा झाला. संताचे नाव बोटीवर रंगवता येते, तसे माळ घालून अंगावरही रंगवता येते. पण रात्र पार व्हायची तर कुणीतरी जागे राहावे लागते. माझ्या संसाराच्या बोटीवर १४ वर्षे नाव माझे होते आणि सारंग ती होती. आणि तुकोबांच्या वह्या तरल्या त्याही काठावर अन्नपाण्यावाचून कुणीतरी जागत बसले होते तेव्हा, हे मी कथा ऐकताना विसरत होतो.

मग पुंडलिक आठवला. ज्याच्यासाठी देव अठ्ठावीस युगे विटेवर उभा आहे, तो पुंडलिक देवाला भेटायला कुठे गेला होता? तो घरीच होता, आईबापांच्या पायाशी. देवालाच त्याच्या दारात यावे लागले. ही कथा मी शंभरदा ऐकली. माझ्या घरी माझ्या आईचे अंथरूण बदलणारी, तिला भरवणारी कोण होती, हे मात्र मी त्या कथेशी कधी जोडून पाहिले नाही.

पहाटे आग्वादचा किल्ला आणि दीपगृह दिसले. बोट मांडवीच्या मुखात शिरली आणि हेलकावे थांबले. सौ.ने दोरी सोडली, पिळून वाळत घातली आणि मगच ती तासभर झोपली.

साडूंनी दोन दिवसांनी आम्हाला साखळीजवळच्या विठ्ठलापूरला नेले. वाळवंटी नदीच्या काठी विठ्ठलाचे देऊळ आहे. आपल्या चंद्रभागेपासून इतक्या दूर, तेच कटीवरचे हात पाहून तिचे डोळे भरून आले. पंढरपूर तिने कधी पाहिलेच नव्हते. मी देवापुढे उभा राहून मनात म्हटले, "पांडुरंगा, पुढच्या आषाढीला मी येत नाही. ही येईल."

परतताना आम्ही एस.टी.ने आलो. बोटीचे मी नावही काढले नाही.

गावी दिंडीच्या महाराजांना सांगताना माझी जीभ अडखळली. १४ वर्षांची वारी मोडणार, हे पाप तर नाही? त्यांनी शांतपणे ऐकून घेतले. म्हणाले, "वारी घराची असते. घरातले कुणी आले की वारी झाली. तुम्ही नीट घरी राहा म्हणजे झाले."

नीट घरी राहणे काय असते ते मला १९८२ च्या आषाढात कळले. तिची पडशी मी भरली आणि तीन वस्तू विसरलो. आईला न्हाऊ घालताना माझे हात थरथरत. लेकरांची वेणीफणी, म्हशीची धार, पेरणीसाठी आभाळाकडे लागलेले डोळे, आणि रात्री आईचे कण्हणे. पहिल्या रात्री मी कंदील मालवलाच नाही. तिसऱ्या रात्री आईने विचारले, "बाप्पा, तू झोपत काहून नाही?" मी म्हणालो, "झोपतो माय." आणि तिच्या पायाशी बसून राहिलो. त्या अंधारात, खरे सांगतो, मला विटेवरच्या देवाची जी जवळीक वाटली ती महाद्वाराच्या गर्दीतही क्वचितच वाटली असेल.

वारीहून आलेल्याचे पाय धुवायची आमच्याकडे रीत आहे. १४ वर्षे तिने माझे धुतले. त्या वर्षी ती उन्हाने रापलेली, पायांना फोड आलेली अशी दारात उभी राहिली आणि मी परात घेऊन बसलो. "काय करता, लोक पाहून रायले," ती म्हणाली. आईने अंथरुणावरून एक हात कपाळाला लावला. पाय पुसून झाल्यावर डब्यात जपून ठेवलेले तोडे मीच आणून दिले.

त्यानंतर आई असेपर्यंत आम्ही आळीपाळीने गेलो, आणि आई गेल्यावर दोघे मिळून. आता माझी ऐंशी उलटली. तिच्या गुडघ्यांनी राम म्हटला. गजानन महाराजांची पालखी पंढरीहून परतताना खामगावला येते, आणि इथून शेगावपर्यंतच्या शेवटच्या चालीला हजारो माणसे निघतात. आम्ही दोघे रस्त्याच्या कडेला खुर्च्या टाकून बसतो, येणाऱ्या-जाणाऱ्याला पाणी देतो.

आळंदीला आता मुलगा आणि सून जातात, एका वर्षी तो, एका वर्षी ती. पडशी भरायचे काम माझ्याकडे आहे. आता पडशीच्या जागी पाठीवरची बॅग आली. यंदाही आठवडाभर आधी सुरुवात केली. औषधे, मेणकापड, चटणी, मोबाइलचा चार्जर. सगळे भरून चेन लावली आणि म्हणालो, "झालं."

खाटेवरून तिचा आवाज आला, "दोरी ठेवली काय?"

मी चेन उघडली आणि खुंटीकडे गेलो.

रामकृष्ण हरी.